आवड आहे ना, मग पैसे कशाला?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतली एक मुलगी संध्याकाळी केंद्रावर आली आणि म्हणाली, "ताई, उद्यापासून मी जाणार नाही." कुठं, हे मी विचारलं नाही. अडीच महिन्यांपूर्वी तिचा अर्ज मीच भरून घेतला होता.

मी एम. एस. डब्ल्यू. केल्यापासून गेली दहा वर्षं शहरातल्या एका वस्तीत काम करते. ही मुलगी रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेली, घरातली पहिली पदवीधर. वडील नाहीत. आई चार घरची धुणी-भांडी करते. एका समाजधुरीणाचा राहता वाडा आता संग्रहालय म्हणून जपलेला आहे. तिथल्या वस्तूंच्या जतनाचं काम शिकण्यासाठी दोन जागा निघाल्या होत्या. रसायनशास्त्राची पदवी हवी, मुदत सहा महिने, शेवटी प्रमाणपत्र. विद्यावेतन नाही, प्रवासखर्च नाही, दुपारचा चहासुद्धा आपला आपण. तरी मीच तिला म्हटलं होतं, "जा, वेगळं क्षेत्र आहे. एकदा पाय टाकलास की पुढची वाट दिसेल."

अडीच महिने ती रोज दोन बस बदलून गेली. पावसाळ्यात आईला ताप आला, दोन घरची कामं सुटली आणि बसच्या पासाचे पैसे उरले नाहीत. एवढंच कारण. कुणी तिला हाकललं नाही, कुणी छळलं नाही. म्हणूनच तर हा लेख लिहायचा. छळ झाला की आपण मोर्चा काढतो. पण जिथं सगळे गोड बोलतात, पाठीवरून हात फिरवतात आणि सहा महिने फुकट राबवून घेतात, तिथं आपल्याला घोषणाही सुचत नाही.

आधी हे काम काय असतं ते सांगते, कारण मलाही ते तिच्याकडूनच कळलं. मोठ्या संग्रहालयात वस्तू काचेच्या कपाटात असतात. राहत्या घराचं संग्रहालय होतं तेव्हा वस्तू जिथल्या तिथं उघड्यावर असतात: पलंगावर अंथरूण, फडताळात भांडी, खुंटीला उपरणं, कोनाड्यात समई. दारं-खिडक्या जुन्या, भिंती ओल धरणाऱ्या, माणसांची ये-जा रोजची. अशा घरात वस्तू अचानक मोडत नाहीत, त्या हळूहळू झिजतात. कापडावर पडलेला उजेड साठत जातो. आज उडालेला रंग उद्या खिडकी लावून परत येत नाही. हवेतला दमटपणा साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिला की कागदावर, चामड्यावर बुरशी धरते. कसर पुस्तकाची खळ खाते, वाळवी आतून लाकूड पोखरते. पितळ घासून चकचकीत केलं की दर वेळी धातूचा एक पातळ थर जातो आणि दहा-वीस वर्षांत वरची नक्षी पुसट होते. म्हणजे दुर्लक्षानं नुकसान होतं तसं चुकीच्या स्वच्छतेनंही होतं. फडका कुठं मारायचा नाही, मऊ कुंचल्यानं धूळ कशी काढायची, जुनं लुगडं घडी न घालता नळकांड्यावर कसं गुंडाळायचं, कीड लागलेली लोकरी वस्तू पिशवीत बंद करून शीतपेटीत किती दिवस ठेवायची, हे सारं शिकावं लागतं. प्रत्येक वस्तूची स्थिती टिपून ठेवावी लागते. हे कौशल्याचं काम आहे आणि यायला वर्षं लागतात.

आता मला सांगा मैत्रिणींनो, या यादीत आपल्या ओळखीचं काय दिसतं? झाडणं, पुसणं, ऊन दाखवणं, कसर लागू न देणं, शालूची घडी मोडून पुन्हा घालणं, कपाटात वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवणं. पिढ्यान्‌पिढ्या बायका हेच करत आल्या. घरात केलं तेव्हा त्याला काम म्हटलं नाही. आता ते शास्त्र झालं, त्याच्या पदव्या निघाल्या, तरी सुरुवातीच्या मुलीला पैसे द्यायची वेळ आली की पुन्हा तेच उत्तर मिळतं.

ते उत्तर मी माझ्या कानांनी ऐकलं. ती काम सोडते म्हणाली, त्यानंतर दोन दिवसांनी मी वाड्याच्या कार्यालयात गेले. तिथले व्यवस्थापक सज्जन गृहस्थ. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, मुलगी हुशार आहे, आम्हालाही वाईट वाटतं. पण हे क्षेत्र पैशाकडे बघून करायचं नाही. इथं आवड लागते, निष्ठा लागते." मी विचारलं, "तुमच्या हिशेबनिसाला निष्ठा आहे का?" ते हसले. हिशेबनिसाला पगार होता, पहारेकऱ्याला होता, माळ्याला होता. गेल्या पुण्यतिथीला मांडव, ध्वनिक्षेपक आणि शाल-श्रीफळ यांवर खर्च झाला होता, त्याचे फोटो भिंतीवर होते. आवडीवर पोट भरायची अपेक्षा फक्त त्या दोन मुलींकडून होती. दुसरी मुलगी टिकली, तिनं सहा महिने पुरे केले. तिचे वडील बँकेत अधिकारी आहेत. मी तिला दोष देत नाही. दोष त्या चाळणीचा आहे, जिच्यातून बाहेर कोण पडणार हे बापाच्या पगारावर ठरतं.

ही चाळणी आपल्याकडचीच आहे असं नाही. अमेरिकेत कला-संग्रहालयांच्या संचालकांच्या संघटनेनं जून २०१९ मध्ये ठराव करून आपल्या सभासद संग्रहालयांना आवाहन केलं की प्रशिक्षणार्थींना पैसे द्या. श्रीमंत देशातल्या श्रीमंत संस्थांना हे २०१९ साली एकमेकांना सांगावं लागलं, यावरून रोग किती जुना आहे ते कळतं.

आणि मूळ ज्ञान कुणाचं? इंग्लंडातली जुनी घरं जपणारा नॅशनल ट्रस्ट १८९५ साली स्थापन झाला. घरातल्या वस्तू कशा झाडाव्या-पुसाव्या-जपाव्या याची त्यांची नावाजलेली पुस्तिका १९८४ साली निघाली. ती हर्मायनी सँडविथ आणि शीला स्टेंटन या दोन बायकांनी सिद्ध केली आणि तिच्यात जुन्या घरांमधल्या झाडलोटीच्या परंपरेला मान होता. त्याच्या दोनशे वर्षं आधी, १७७६ पासून, केंट परगण्यातली सुझॅना व्हॉटमन ही गृहिणी वहीत लिहून ठेवत होती की ऊन कोणत्या खोलीत केव्हा येतं, पडदा केव्हा सोडायचा, मोलकरणीनं काय करायचं. वहीवर मालकिणीचं नाव राहिलं. पडदा ओढणारे हात मोलकरणींचे होते आणि त्यांनी त्या वहीत काय भर घातली असेल ते कुणी लिहिलं नाही. बायकांच्या श्रमात वर्ग असतो, हे आपण घरकामगारांच्या संघटनेत शिकलो. इथंही तेच आहे.

त्या वाड्यातही एक मावशी होत्या. ठेकेदाराकडून आलेल्या, झाडूपोछा करणाऱ्या. समारंभ आला की समया चिंच लावून घासायचं काम त्यांचं. आमच्या मुलीनं त्यांना सांगितलं, "मावशी, असं घासलं की नक्षी जाते." मावशी म्हणाल्या, "मला काय हौस आहे? पाहुणे येणार, चमकलं पाहिजे, असं सांगितलंय." मग दोघी बोलायला लागल्या. मावशींनी तिला दाखवलं की पहिल्या पावसानंतर कोणत्या भिंतीला ओल येते, कोणत्या तुळईखाली वाळवीची माती पडते, कोणत्या कपाटामागून उंदीर येतात. सात वर्षं त्या रोज तो वाडा झाडत होत्या. त्यांना एवढं ठाऊक होतं आणि सात वर्षांत कुणीही त्यांना एक प्रश्न विचारला नव्हता. प्रशिक्षणाचं व्याख्यान असेल त्या दिवशी मावशींचं काम सतरंजी घालायची आणि बाहेर बसायचं.

वस्तूला दिवसातून सर्वांत जास्त वेळा ज्या बाईचा हात लागतो तिला प्रशिक्षणाच्या बाहेर बसवणारं हे कसलं जतन? सेवाग्रामची बापू कुटी मातीची आहे. मातीच्या भिंतीला लिंपण लागतं, ते वरचेवर करावं लागतं. गावागावांत लिंपण कुणाच्या हाताला येतं, हे सांगायला पदवी लागत नाही. पण त्या हाताला कुणी जतनतज्ज्ञ म्हणत नाही.

हा प्रश्न फक्त पोटाचा असता तरी लिहिला असता. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. जतन करायला कोण शिकतं, यावर काय जतन होणार हे ठरतं. त्या वाड्यातल्या नोंदवहीत एका गाठोड्यापुढं लिहिलं होतं: "जुने कापड, १ नग." आमच्या मुलीनं ते उघडलं तर आत गोधडी. नऊवारी लुगड्यांचे तुकडे, थरावर थर, कडेनं बारीक धावदोरा आणि एका कोपऱ्यात लहान मुलाच्या अंगड्याचं ठिगळ. तिच्या आजीनं अशाच गोधड्या शिवल्या होत्या म्हणून तिला ते वाचता आलं. त्या घरातल्या बायकांनी काय नेसलं, काय फाटलं, काय वाचवलं, सगळं त्या एका गोधडीत होतं. साहेबांच्या खुर्चीला, दौतीला, काठीला स्वतंत्र नोंद होती, मोजमाप होतं. गोधडीला नव्हतं. तिनं नोंदपत्र करायला घेतलं, अर्धं झालं, आणि मग तिचा पास संपला. बँक-अधिकाऱ्याच्या मुलीला गोधडी ओळखता येणार नाही असं नाही. पण एकाच थरातल्या मुली या क्षेत्रात येत राहिल्या, तर त्या थराच्या घरात जे नव्हतं ते ‘जुने कापड’च राहील. पुण्यात गंज पेठेतला फुले वाडा, दादरचं राजगृह, कस्तुरबांनी २२ फेब्रुवारी १९४४ ला जिथं देह ठेवला तो आगाखान महाल, या वास्तू आपल्या आहेत. तिथल्या चुलीजवळची, पाटाजवळची, विहिरीजवळची गोष्ट सांगायला आपल्या मुली तिथं शिकायला आणि टिकायला हव्यात.

यावर जे आक्षेप येतात ते मला ठाऊक आहेत.

पहिला: लहान संस्थांकडे पैसा नाही. हे बऱ्याच अंशी खरं आहे. अनेक स्मारकं एका विश्वस्त मंडळावर आणि तुटपुंज्या अनुदानावर चालतात. पण मग एकेका संस्थेनं दोन-दोन मुली फुकट राबवण्याऐवजी जिल्ह्यातल्या चार वाड्यांनी मिळून एक मुलगी घ्या, तिला पुरेसं विद्यावेतन द्या, ती चारही ठिकाणी आळीपाळीनं काम करील. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचा जो दोन टक्के वाटा सामाजिक कामावर खर्चावा लागतो, त्याच्या परिशिष्टात राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृतीचं रक्षण हा विषय स्पष्ट दिलेला आहे. तो पैसा दिव्यांच्या रोषणाईवर आणि नावाच्या पाटीवर जातो, तसा माणसांच्या शिक्षणावर का जाऊ नये? शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे आणि त्याखाली घेतलेल्या उमेदवाराला विद्यावेतन द्यावंच लागतं. लहान आस्थापनांना तो ऐच्छिक आहे, पण वाट बंद नाही. ‘प्रशिक्षणार्थी’ न म्हणता ‘स्वयंसेवक’ म्हटलं की ही वाट चुकवता येते, म्हणून तो शब्द वापरला जातो.

दुसरा आक्षेप: शिकताना पैसे कसले मागता, उलट तुम्हीच फी द्यायला हवी. ज्या दिवशी ती फक्त वर्गात बसते त्या दिवशीचं बोला. पण त्या मुलीनं अडीच महिन्यांत दोन खोल्यांची यादी केली, कपाटं रिकामी करून झाडली, कीड लागलेली पुस्तकं वेगळी काढली. हे काम झालं नाही का? उद्या ठेकेदाराकडून करून घेतलं असतं तर बिल आलं नसतं का?

तिसरा आक्षेप आपल्यातूनच येतो. एका कार्यकर्तीनं मला विचारलं, "वस्तीत पाण्याचा प्रश्न आहे आणि तू दौती-समयांच्या मागं काय लागलीस?" मी त्यावर खूप विचार केला. अंगणवाडी सेविकेला पगार नाही, ‘मानधन’. आशाताई ‘स्वयंसेविका’. सेवाभाव हा शब्द बायकांच्या वाट्याला आला की मजुरी गायब होते, हे आपण वर्षानुवर्षं सांगतो आहोत. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तो त्यांच्या झगड्यामुळं. वाड्यातली मुलगी आणि अंगणवाडीतली सेविका एकाच दोरीनं बांधलेल्या आहेत. आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा त्या दोरीला गाठ मारली. एम. एस. डब्ल्यू. करताना मी दोन वर्षं आठवड्यातले दोन दिवस विनामोबदला क्षेत्रकार्य केलं आणि त्याचा मला अभिमान होता. माझ्या खोलीचं भाडं भाऊ भरत होता, हे मी त्या अभिमानात विसरले. तिचा अर्ज भरताना "सहा महिने कसे काढशील?" हा साधा प्रश्न मी विचारला नाही. समाजकार्य शिकलेल्या बाईनं तो पहिल्यांदा विचारायला हवा होता.

आणखी दोन गोष्टींकडं लक्ष वेधायचं आहे, कारण त्या मुली स्वतः बोलत नाहीत. एक आरोग्याची. जुन्या संग्रहांवर डीडीटी मारलेलं असतं, पेंढा भरलेल्या जनावरांना आर्सेनिक लावलेलं असतं, बंद कपाटात डांबरगोळ्यांचा वास कोंडलेला असतो. मुखपट्टी, हातमोजे, खेळती हवा हे लाड नाहीत. गरोदर बाईला अशा ठिकाणी कुणी विचारून पाठवतं का? दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. साठवणीच्या खोल्या आडबाजूला असतात आणि शिकाऊ मुलीचं प्रमाणपत्र एकाच माणसाच्या सहीवर अवलंबून असतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं प्रशिक्षणार्थीला, तिला पैसे मिळत असोत वा नसोत, कर्मचारी मानलं आहे. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं करता येते. हे प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी सांगितलं पाहिजे. आणि गंमत पाहा, छळाच्या कायद्याला जी कर्मचारी दिसते ती पगारपत्रकाला दिसत नाही!

आपल्या देशात हे शास्त्र शिकवण्याची सोयच नाही असं नाही. लखनौची राष्ट्रीय जतन-प्रयोगशाळा १९७६ पासून आहे, दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालय संस्थेला १९८९ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पण वस्तीतली मुलगी लखनौला जाण्याआधी तिला घराजवळच्या वाड्यात सहा महिने टिकता आलं पाहिजे. पहिली पायरीच फुकटाची असेल तर वरच्या पायऱ्या कितीही असोत, त्या ज्याच्या त्याच्याच राहतात.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत:

१. स्मारक आणि घर-संग्रहालयातल्या प्रत्येक शिकाऊ जागेला निदान किमान वेतनाइतकं विद्यावेतन आणि प्रवासखर्च मिळावा. तो देता येत नसेल तर जागा काढू नये.

२. ठेकेदारी सफाई कामगारांना कामाच्या वेळेत, पगारासकट, वस्तू हाताळण्याचं प्रशिक्षण आणि त्याचं प्रमाणपत्र मिळावं. त्यांच्या माहितीची नोंद त्यांच्या नावानं व्हावी.

३. शिक्षणसाहित्य मराठीत असावं आणि ते आपल्या पावसाळ्याचा, कोकणातल्या दमट हवेचा, मातीच्या भिंतींचा विचार करून लिहिलेलं असावं. त्या मुलीला जे वाचायला दिलं ते सगळं थंड देशांतल्या घरांविषयी आणि इंग्रजीत होतं.

४. मुखपट्टी, हातमोजे, घातक द्रव्यांची माहिती आणि तक्रार समितीचा पत्ता पहिल्या दिवशी हातात द्यावा.

ती मुलगी आता एका तपासणी प्रयोगशाळेत रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावते. पगार वेळेवर होतो. परवा भेटली तेव्हा तिनं एकच विचारलं, "ताई, त्या गोधडीचं नोंदपत्र कुणी पुरं केलं का हो?" मी वाड्यात फोन केला. कुठली गोधडी, हे तिकडं कुणाला सांगता आलं नाही.

तुमच्या गावात, शहरात असा एखादा वाडा, स्मारक असेल तर तिकीट काढून आत जा. समई बघा, खुर्ची बघा आणि मग विचारा: हे कोण जपतं, तिला किती मिळतं? काय उत्तर आलं ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकात आपण ती उत्तरं छापू.